‘आर्किटेक्ट’ कोणाला म्हणावे? : कायदा, नोंदणी आणि आपली घरे

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे पूर्वापार म्हटले जाते. लग्नाचा खर्च अलीकडे आपल्या समाजातील जाणती मंडळी सामुदायिक विवाह सोहळ्यांतून आटोक्यात आणू लागली आहेत. घराचे मात्र तसे नाही. गावठाणातील कुडाच्या घरातून निघालेली आपली पिढी शहरात प्लॉट घेते, भविष्य निर्वाह निधीतून उचल करते, बँकेचे कर्ज काढते आणि निवृत्तीपर्यंत हप्ते फेडत राहते. आयुष्याची एवढी मोठी पुंजी ज्या कागदावरील रेघांच्या भरवशावर आपण जमिनीत घालतो, तो नकाशा काढणारा कोण, त्याला तो काढण्याचा अधिकार कोणी दिला आणि काही चुकले तर दाद कोठे मागावी, हे प्रश्न मात्र आपण विचारीत नाही.

आम्ही कला शाखेचे पदवीधर. बांधकाम हा आमचा विषय नव्हे. परंतु बँकेतील नोकरीमुळे गृहकर्जाच्या फाइली नित्य हाताखालून जातात. त्या निमित्ताने या विषयातील कायदे व नियम वाचावे लागले. ते संस्थेच्या सभासदांना आणि विशेषतः विद्यार्थ्यांना उपयोगी पडावेत, एवढ्याच हेतूने हा लेखनप्रपंच.

एक पदवी, एक नोंदवही

आपल्या देशात आर्किटेक्ट, म्हणजे वास्तुविशारद, या व्यवसायाचे नियमन संसदेने केलेल्या वास्तुविशारद कायदा, १९७२ या कायद्याने होते. १९७२ सालचा हा २० वा कायदा, १ सप्टेंबर १९७२ पासून अमलात आला. त्यापूर्वी कोणीही दारावर ‘आर्किटेक्ट’ अशी पाटी लावू शकत असे. स्वातंत्र्यानंतर बांधकामे झपाट्याने वाढली आणि पुरेसे शिक्षण नसलेली माणसे या नावाखाली खर्चिक व पुष्कळदा असुरक्षित इमारती उभ्या करू लागली. या प्रकाराला आळा घालणे हा कायद्याचा हेतू होता.

कायद्याने वास्तुकला परिषद ही मंडळी स्थापन केली. तिचे मुख्य कार्यालय नवी दिल्लीत आहे आणि तिच्यात प्रत्येक राज्य सरकारने नेमलेला एक वास्तुविशारदही असतो. ही परिषद सर्व देशाची एकच नोंदवही ठेवते. ज्याचे नाव त्या नोंदवहीत आहे तो आर्किटेक्ट. ज्याचे नाही तो नाही. कायद्यातील व्याख्या इतकी सरळ आहे. नोंदणी झालेल्यास परिषद क्रमांक देते. या क्रमांकाच्या आरंभी ‘सीए’ ही अक्षरे, पुढे नोंदणीचे वर्ष आणि त्यापुढे अनुक्रमांक असतो. बुलडाण्यात नोंदणी दाखवून काम करणाऱ्यास नागपूर, मुंबई किंवा हैदराबाद येथे काम करण्यासाठी दुसरी नोंदणी लागत नाही.

अमेरिकेत ही व्यवस्था निराळी आहे. तेथे प्रत्येक राज्य स्वतःचा परवाना देते. इलिनॉय राज्याने १८९७ साली असा पहिला कायदा केला. टेक्सास राज्यात १८ मार्च १९३७ रोजी न्यू लंडन या गावातील शाळेत साठलेल्या गॅसचा स्फोट होऊन सुमारे तीनशे विद्यार्थी व शिक्षक मृत्युमुखी पडले. त्यानंतर त्याच वर्षी तेथील विधिमंडळाने वास्तुविशारद व अभियंते यांच्या नोंदणीचे कायदे केले. परवान्याचे नियम पुष्कळदा असे चितेच्या उजेडात लिहिले गेले आहेत. ज्याला आपण ‘कागदी अडवणूक’ म्हणतो, त्यामागे कोठेतरी कोणाची तरी लेकरे गेलेली असतात.

नावाला संरक्षण, कामाला नाही

येथे एक बारकावा नीट समजून घेतला पाहिजे. नोंदणी नसलेल्या माणसास वैद्यकीय व्यवसाय करता येत नाही, सनद नसलेल्यास वकिली करता येत नाही. वास्तुविशारद कायद्याचे तसे नाही. या कायद्याचे ३७ वे कलम ‘आर्किटेक्ट’ हे नाव व बिरूद लावण्यास बंदी करते. इमारतीचा आराखडा काढण्यास बंदी करीत नाही. अभियंते व इतर व्यावसायिक आपापले काम करण्यास मोकळे आहेत, फक्त त्यांनी स्वतःस आर्किटेक्ट म्हणवू नये, असा मूळ विधेयकाचाच आशय होता. इंग्लंडमधील कायदाही अशाच प्रकारे नावाचे रक्षण करणारा आहे.

यावर अनेक वर्षे वाद चालला आणि अखेर सर्वोच्च न्यायालयाने १७ मार्च २०२० रोजी वास्तुकला परिषद विरुद्ध मुकेश गोयल या प्रकरणात तो मिटविला. उत्तर प्रदेशातील नोएडा प्राधिकरणाने ‘असोसिएट आर्किटेक्ट’ असे पद निर्माण केले होते, परंतु त्यासाठी वास्तुकलेची पदवी आवश्यक ठेवली नव्हती. न्यायालयाने सांगितले की, ३७ वे कलम नोंदणी नसलेल्यांना वास्तुकलेचे काम करण्यापासून रोखत नाही. मात्र नोंदणी नसलेल्या व्यक्तीस आर्किटेक्ट असे पदनाम सरकारी प्राधिकरणही देऊ शकत नाही.

१९७२ च्या मूळ कायद्याने हे बिरूद बेकायदा लावल्यास पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत दंड आणि पुन्हा तोच गुन्हा सिद्ध झाल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली होती. नोंदणी नसताना नोंदणी असल्याचे खोटे सांगितल्यासही १,००० रुपयांपर्यंत दंड होता. एका खोलीच्या स्लॅबचा खर्च डोळ्यांसमोर आणला म्हणजे या रकमा कोणाच्या मनात किती धाक निर्माण करतील ते सांगावयास नको. म्हणूनच ग्राहकाने स्वतः जागरूक राहणे अधिक महत्त्वाचे ठरते.

फर्म आणि कंपनी यांचे काय?

शहरात ‘अमुक असोसिएट्स’, ‘तमुक कन्सल्टंट्स’ अशा पाट्या दिसतात. अशा कार्यालयांना आर्किटेक्ट हे नाव लावता येते काय? कायद्यात व्यक्तीबरोबर ‘आर्किटेक्टची फर्म’ हा शब्दप्रयोग आहे. तथापि भागीदारीतील सर्वच्या सर्व भागीदार परिषदेकडे नोंदलेले आर्किटेक्ट असले पाहिजेत. एक भागीदार आर्किटेक्ट, दुसरा कंत्राटदार आणि तिसरा पैसे घालणारा, अशी भागीदारी ‘आर्किटेक्ट’ म्हणवू शकत नाही. खासगी किंवा सार्वजनिक मर्यादित कंपनी, सोसायटी यांनाही हे बिरूद लावता येत नाही, अशी परिषदेची भूमिका आहे.

त्यामागील कारण पटण्यासारखे आहे. नोंदवहीत हाडामांसाच्या माणसाचे नाव असते. व्यवसायात गैरवर्तन झाल्यास परिषद चौकशी करून त्या माणसास ताकीद देऊ शकते, काही काळ व्यवसायातून दूर ठेवू शकते किंवा नोंदवहीतून त्याचे नाव काढून टाकू शकते. कंपनीला ताकीद देऊन कोणाची मान खाली जाणार? म्हणून पाटी कितीही चकचकीत असो, ‘या नकाशावर सही कोण करणार आणि त्यांचा नोंदणी क्रमांक काय?’ हा एकच प्रश्न विचारावा.

व्यावसायिक वर्तनाचे विनियम १९८९ साली झाले. कामाच्या अटी व फीचे प्रमाण ग्राहकास आधी सांगावे, काम मिळविण्यासाठी कमिशन देऊ वा घेऊ नये, अशा गोष्टी त्यांत आहेत. आपल्याकडे प्लॉट दाखविणारा, नकाशा काढून देणारा, सिमेंट-लोखंड पुरविणारा आणि कर्जाची फाईल ‘करून देणारा’ यांची साखळी असते आणि प्रत्येक कडीवर ग्राहकाचा पैसा गळतो. ज्यांना ही साखळी खटकते त्यांनी हे विनियम जरूर वाचावेत.

नगरपरिषदेचा परवाना ही वेगळी गोष्ट

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. बुलडाणा जिल्ह्यात महानगरपालिका नाही. बुलडाणा, चिखली, खामगाव, मलकापूर, शेगाव, मेहकर, नांदुरा, जळगाव जामोद, देऊळगाव राजा, लोणार, सिंदखेड राजा येथे नगरपरिषदा आहेत. नगरपरिषद हद्दीत बांधकाम परवानगीचा आधार म्हणजे महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ आणि महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. कोणत्या प्लॉटवर किती बांधकाम करावे, किती जागा मोकळी सोडावी, याचे नियम पूर्वी जागोजागी वेगळे होते. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने मुंबईसारखे काही भाग वगळून उर्वरित महाराष्ट्रासाठी एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू केली.

या नियमावलीच्या एका परिशिष्टात तांत्रिक व्यक्तींची पात्रता व जबाबदाऱ्या दिल्या आहेत. आर्किटेक्टची पात्रता म्हणजे परिषदेची नोंदणी. त्यांच्याशिवाय अभियंता, स्ट्रक्चरल इंजिनिअर, नगररचनाकार आणि पर्यवेक्षक यांच्या पात्रताही सांगितल्या आहेत. अभियंत्यांसाठी आर्किटेक्टप्रमाणे देशव्यापी नोंदणीचा कायदा अद्याप झालेला नाही. त्यामुळे अभियंता व पर्यवेक्षक यांच्याबाबत स्थानिक प्राधिकरणाचा परवाना महत्त्वाचा. पदविकाधारक पर्यवेक्षकास लहान प्लॉटवरील ठरावीक मजल्यांपर्यंतच्या कामाचीच मुभा असते. तेव्हा ‘मी परवानाधारक आहे’ असे कोणी म्हटले तर परवाना कोणत्या वर्गाचा आणि किती मोठ्या कामाचा, हे पाहिले पाहिजे.

याचा अर्थ परवानाधारक अभियंत्याकडून नकाशा करून घेणे चुकीचे आहे, असे मुळीच नाही. आपल्या जिल्ह्यातील बहुसंख्य घरे अभियंत्यांनीच उभी केली आहेत आणि त्यांतील पुष्कळ उत्तम आहेत. चूक आहे ती नसलेले बिरूद लावण्यात. त्याचप्रमाणे बांधकामाला ‘वास्तुशास्त्रानुसार’ दिशा सांगणारे सल्लागार आणि वास्तुविशारद यांची नावे सारखी वाटली तरी त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. स्वयंपाकघर आग्नेयेस असावे की नाही यावर वास्तुकला परिषद कोणाची परीक्षा घेत नाही. खिडकीतून वारा येतो का, जिन्याची पायरी म्हाताऱ्या माणसास चढवते का, न्हाणीचे पाणी कोठे जाते, यांचा अभ्यास मात्र पाच वर्षे करावा लागतो.

घाटावर आणि घाटाखाली

नकाशा म्हणजे नगरपरिषदेत दाखल करावयाचा कागद, अशी आपली समजूत असते. ती किती महागात पडते ते आपल्या जिल्ह्याची माती सांगते. घाटावर बुलडाणा-चिखलीकडे बऱ्याच ठिकाणी थोडे खोदले की मुरूम लागतो. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात खोल काळी कपाशीची जमीन आहे. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. तिच्यावर उथळ पाया घातला तर भिंतींना तिरप्या चिरा जातात. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या बाजूला खारपाण पट्टाही आहे. तेथील क्षारयुक्त पाणी काँक्रीट कालवण्यास वापरले तर आतील लोखंड गंजू लागते आणि काही वर्षांतच स्लॅबचे पोपडे सुटतात.

अशा जमिनीत पाया किती खोल न्यावा, त्याखाली काय भरावे, लोखंड किती मिलिमीटरचे व किती अंतरावर बांधावे, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने हिशेब करून सांगावयाचे असते. आर्किटेक्टचा नकाशा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचे डिझाइन ही दोन वेगळी कामे आहेत. घाटावरच्या एखाद्या घराचा नकाशा नाव बदलून घाटाखाली वापरला तर नगरपरिषदेचा शिक्का त्यावर उमटेलही, पण जमीन तो शिक्का वाचत नाही.

बँकेच्या टेबलावरून

बँक गृहकर्ज देताना मंजूर नकाशा, परवानगीपत्र आणि खर्चाचे अंदाजपत्रक मागते. अंदाजपत्रकावर पात्र तांत्रिक व्यक्तीची सही लागते. त्यानंतर बँकेच्या यादीवरील मूल्यनिर्धारक जागा पाहून अहवाल देतो आणि काम पुढे जाईल तसे हप्ते सुटतात. एका कर्मचारी बांधवाची फाईल आम्हास आठवते. नकाशावर ठळक अक्षरांत ‘आर्किटेक्ट’ असे होते, परंतु नोंदणी क्रमांक नव्हता. विचारणा केल्यावर संबंधितांकडे पदविका होती आणि त्या नगरपरिषदेचा परवानाही नव्हता, असे निघाले. नकाशा पुन्हा करावा लागला, फी दुसऱ्यांदा भरावी लागली, पावसाळा तोंडावर आला आणि चार महिने भाड्याच्या खोलीतच काढावे लागले. त्या बांधवाने पाटी पाहून विश्वास ठेवला होता. पाटीखालचा क्रमांक पाहावा, हे त्यास कोणी सांगितलेच नव्हते.

फ्लॅट घेणाऱ्यांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. स्थावर संपदा कायदा, २०१६, ज्याला आपण ‘रेरा’ म्हणतो, त्यानुसार ५०० चौरस मीटरहून मोठ्या जमिनीवरील किंवा ८ पेक्षा अधिक सदनिकांच्या प्रकल्पाची नोंदणी करावी लागते. ग्राहकांच्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी लागते आणि ती काढताना काम किती झाले याबद्दल आर्किटेक्ट, अभियंता व चार्टर्ड अकाउंटंट या तिघांची प्रमाणपत्रे लागतात. म्हणजे आर्किटेक्टची सही ही आता तुमच्या पैशाच्या तिजोरीची एक किल्ली झाली आहे. ती किल्ली कोणाच्या हाती आहे, हे पाहण्याचा हक्क तुम्हाला आहे.

विद्यार्थ्यांसाठी

मुंबईच्या सर जे. जे. कला शाळेत १८९६ साली ड्राफ्ट्समनचा वर्ग सुरू झाला आणि त्यातून पुढे वास्तुकलेचे शिक्षण वाढले. आज हा अभ्यासक्रम पदवीचा असून पाच वर्षांचा आहे आणि प्रत्यक्ष कार्यालयात काम शिकण्याचा काळ त्यातच असतो. बारावीला गणित व भौतिकशास्त्र असणे आवश्यक आहे. दहावीनंतर गणितासह तीन वर्षांची पदविका घेतलेल्यांनाही हा मार्ग खुला आहे. म्हणजे तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी ‘आता आर्किटेक्ट होणे नाही’ असे समजू नये. प्रवेशासाठी २००६ पासून ‘नाटा’ ही अभियोग्यता चाचणी घेतली जाते. ‘जेईई’चा वास्तुकलेचा पेपरही आहे. विदर्भात नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या नामांकित संस्थेत हा अभ्यासक्रम आहे.

महाविद्यालय निवडताना त्यास वास्तुकला परिषदेची मान्यता आहे ना, हे आधी पाहावे. कोल्हापूरच्या प्रिन्स शिवाजी मराठा बोर्डिंग हाउसच्या वास्तुकला महाविद्यालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केले की, वास्तुकला शिक्षणाच्या बाबतीत अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचे नव्हे तर वास्तुकला परिषदेचे मानदंड चालतील. मान्यता नसलेल्या अभ्यासक्रमाची पदवी हाती आली तरी नोंदवहीत नाव लागणार नाही आणि पाच वर्षे व पैसा दोन्ही वाया जातील.

खर्चाचा विचार करून मागे फिरू नये. अनुसूचित जातींच्या सवलती बौद्धांना १९९० च्या दुरुस्तीने केंद्रीय पातळीवर लागू झाल्या. त्यानुसार भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती व सामाजिक न्याय विभागाची वसतिगृहे यांचा लाभ घेता येतो. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी राज्य शासनाची स्वाधार योजना २०१६-१७ पासून आहे. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज मात्र अकरावी-बारावीतच करावा. केवळ या एका कागदासाठी हातची जागा गेलेले विद्यार्थी आपण दरवर्षी पाहतो.

वकील, डॉक्टर, प्राध्यापक, बँक कर्मचारी आपल्या समाजात आता पुष्कळ झाले. वास्तुविशारद अजून मोजकेच दिसतात. नागपूरच्या दीक्षाभूमीवरील भव्य स्तूप शिवदान मल या वास्तुविशारदांच्या आराखड्यातून उभा राहिला आणि १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. पुढे कधीतरी आपल्या तालुक्यातील ग्रंथालय, वसतिगृह किंवा विहार यांचा नकाशा आपल्याच वस्तीतील एखाद्या मुलीने काढलेला असावा, ही अपेक्षा फार मोठी नाही.

संस्थांनी काय करावे?

गावोगावी लोकवर्गणीतून समाजमंदिरे व विहार उभे राहत आहेत. विनय ग्रंथांमध्ये बांधकामावर देखरेख ठेवणाऱ्या भिक्खूस ‘नवकम्मिक’ असे नाव आहे. म्हणजे संघाच्या वास्तूची जबाबदारी कोणा एकावर नावानिशी सोपविण्याची रीत अडीच हजार वर्षांपूर्वीची आहे. आज परवान्याचा कायदा तेच सांगतो: काम अनेकांचे असो, उत्तरदायी माणूस नावानिशी असला पाहिजे. दहा-दहा रुपयांच्या वर्गणीतून उभ्या राहणाऱ्या इमारतीत तर हे अधिकच खरे.

म्हणून काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येकाने पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. नकाशावर सही करणाऱ्याचे पूर्ण नाव आणि आर्किटेक्ट असल्यास परिषदेचा क्रमांक, अन्यथा स्थानिक परवाना क्रमांक व वर्ग.

२. आर्किटेक्टची नोंदणी चालू आहे काय? नूतनीकरण न केल्यास नाव नोंदवहीतून कमी होऊ शकते. परिषदेच्या संकेतस्थळावर हे तपासता येते. महाविद्यालयातील कोणताही मुलगा पाच मिनिटांत पाहून देईल.

३. फी किती, किती टप्प्यांत आणि त्यात देखरेख धरली आहे काय, हे लेखी घ्यावे.

४. स्ट्रक्चरल इंजिनिअरचे डिझाइन वेगळे घ्यावे व त्याची प्रत जपून ठेवावी.

५. मंजूर नकाशा, परवानगीपत्र आणि काम झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र ही तिन्ही मूळ कागदपत्रे संस्थेच्या दप्तरात असावीत, पदाधिकाऱ्याच्या घरी नव्हेत.

क्रमांक विचारल्याने कोणाचा अपमान होत नाही. ज्याने पाच वर्षे घासून तो मिळविला आहे, तो अभिमानाने सांगेल. आणि जो तो सांगण्याचे टाळील, त्याच्या हाती आपली आयुष्याची पुंजी देऊ नये. एवढी सवय आपल्या सभासदांना लागली, तरी या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.